नव्या संसाराचा आगेरा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या नवविवाहित दांपत्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला जो विषय नेमून दिला आहे, तो वरकरणी अशा मंगल प्रसंगीं बोलण्याजोगा वाटत नाहीं. प्रीति, प्रार्थना, अपत्यांचें संगोपन ह्यांविषयीं नवविवाहितांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. परंतु पैशाविषयीं बोलावयास सहसा कोणी धजत नाहीं. मी धर्मगुरु नाहीं, प्रपंची माणूस आहें. बाजारहाट, दवाखान्याचें बिल आणि मुलांच्या शाळेची फी ह्यांचा हिशेब मांडतां मांडतां माझे केस पिकले. कदाचित् म्हणूनच हा विषय माझ्या वाट्यास आला असावा.

शिवाय महोत्सवाच्या वर्षीं हा विषय अप्रस्तुत तर मुळींच नाहीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांना पन्नासावें वर्ष पवित्र मानावयास सांगितलें, तेव्हां केवळ कर्णे वाजविण्याची आज्ञा देऊन तो थांबला नाहीं. विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी आणि दारिद्र्यामुळें दास झालेल्या माणसानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, असा त्या वर्षाचा नियम होता. जमीन, मिळकत आणि अडचणींत सांपडलेला शेजारी ह्यांचा विचार केल्यावांचून महोत्सव साजरा होतच नाहीं, हें त्यावरून उघड आहे.

आतां तुमच्या घराकडे वळतों. तुमच्यापैकीं बहुतेकांच्या लग्नास अद्याप वर्षहि झालेलें नाहीं. कित्येक जोडपीं सकाळची लोकल गाडी गांठून मुंबईस नोकरीला जातात; कित्येकांची अजून वाडी आहे, आणि त्यांचीं फुलें व भाजी पहाटे दादरच्या बाजारास पोहोंचते. कोणाच्या डोक्यावर लग्नाचें कर्ज आहे, कोणाच्या मागें नव्या घराचा हप्ता लागला आहे, कोणाला धाकट्या भावंडांचें शिक्षण पार पाडावयाचें आहे. अशा वेळीं दानधर्माची गोष्ट काढली कीं हंसतमुखानें उत्तर येतें, “काका, आधीं जरा स्थिरस्थावर होऊं द्या. मग देऊंच कीं!”

हें उत्तर खोटें नसतें. देण्याची इच्छा मनांत खरोखरच असते. परंतु “स्थिरस्थावर” नांवाचें स्टेशन ह्या मार्गावर कोठें येतच नाहीं, हें तरुणपणीं कळत नाहीं. पगार वाढतो, तशी घराची खोली वाढते. खोली वाढली कीं सामान वाढतें. सामान वाढलें कीं हप्ता वाढतो. ज्याला पहिल्या वर्षीं शंभरांतून पांच देणें जड गेलें, त्याला पंधरा वर्षांनीं हजारांतून पन्नास देणें अधिकच जड जातें. कारण मधल्या काळांत त्याचा हात देण्यास नव्हे तर राखण्यास सरावलेला असतो. घराला वळण लागतें तें पहिल्या वर्षांत. म्हणून आजचें माझें सांगणें एवढेंच आहे कीं, दान ही उरलेल्या पैशांतून करावयाची गोष्ट नव्हे. ती दोघांनीं मिळून, आरंभींच, आधीं बाजूस काढावयाची गोष्ट आहे.

हें तत्त्व आपल्या लोकांस नवीन नाहीं. मुंबई व साष्टी येथील आपले ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबर महिन्यांत आगेऱ्याचा सण पाळतात. भाताचीं पहिलीं कणसें वाजतगाजत देवळांत आणतात, आणि धर्मगुरु त्यांस आशीर्वाद देतात. शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या तरी अनेक धर्मग्रामांत हा सण अजून टिकून आहे. त्यांतील मर्म असें कीं, शेतकरी आपली कणगी भरून, बियाणें राखून, देणीं फेडून मग उरलीसुरली पेंढी देवळांत नेत नाहीं. तो पहिलें कणीस नेतो. खळें अजून व्हावयाचें असतें, अवकाळी पाऊस येणार नाहीं ह्याची कोणी हमी दिलेली नसते, तरीहि पहिलें कणीस देवाचें. आज तुमचें शेत म्हणजे तुमची नोकरी किंवा धंदा. त्या शेतांतहि दर महिन्यास एक पहिलें कणीस येतें. त्याचा आगेरा कोणी करावयाचा?

ह्या बाबतींत पवित्र शास्त्रांतील तोबीताचा ग्रंथ नवविवाहितांनीं अवश्य वाचावा. लग्नाच्या मिस्सेंत ह्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायांतील वाचन निवडण्याची मुभा असते: तोबिया आणि सारा लग्नाच्या रात्रीं शय्येवरून उठून प्रथम एकत्र प्रार्थना करितात, तो प्रसंग. पण वाचन तेवढ्यावर संपतें, आणि उरलेला ग्रंथ आपण सहसा उघडीत नाहीं. तो उघडला तर दिसेल कीं, ती जितकी लग्नाची तितकीच पैशाचीहि कथा आहे.

तोबियाचा बाप तोबीत हा निनवे नगरींत परदेशवास भोगणारा, भुकेल्यांस अन्न आणि उघड्यांस वस्त्र देणारा पुरुष. पुढें तो आंधळा होतो, त्याची मिळकत थांबते, आणि त्याची पत्नी हन्ना विणकाम करून घर चालविते. एके दिवशीं तिचे मालक मजुरीच्या वर एक करडूं बक्षीस देतात. आंधळ्या तोबीताच्या कानीं करडाचें ओरडणें पडतें, आणि तें चोरीचें असावें असा त्यास संशय येतो. बक्षीस मिळालें असें ती सांगते, तरी त्यास पटत नाहीं. तेव्हां तुमच्या दानधर्माचें काय झालें, असा झोंबणारा सवाल ती त्याला करिते. बंधूंनो, हा प्रसंग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. बाहेर मुक्त हस्तानें देणारा मनुष्य घरांत पत्नीच्या कमाईविषयीं संशयी असूं शकतो. ज्या घरांत एकमेकांच्या पैशाविषयीं विश्वास नाहीं, तेथें बाहेरच्या औदार्यास पुरता आधार राहत नाहीं.

ह्याच तोबीतानें मेदी देशांत गाबाएलापाशीं ठेवलेले रुप्याचे दहा तलंत आणावयास मुलाला पाठविलें. निघण्यापूर्वीं त्यानें केलेला उपदेश चौथ्या अध्यायांत आहे. ऐपतीच्या मानानें द्यावें, आणि थोडें असतां थोडेंच देण्याची भीति बाळगूं नये. मजुराची मजुरी रात्रभरहि आपल्यापाशीं ठेवूं नये. हा त्याचा आशय. तोबिया प्रवासांत साराशीं विवाह करितो, सासरा रागुएल आपल्या संपत्तीचा अर्धा वांटा त्यांस देतो, आणि जोडपें सुखरूप घरीं येतें. वाटाड्याचें वेतन देण्याची वेळ येते, तेव्हां हा नवरा मुलगा बापाला म्हणतो कीं, आणलेल्यांतील अर्धें त्याला दिलें तरी माझें कांहीं नुकसान नाहीं. बापहि तें मान्य करितो. तो वाटाड्या म्हणजे राफाएल देवदूत होता आणि त्यानें वेतन घेतलें नाहीं, हें मागाहून कळतें. परंतु देतेवेळीं तोबियाला तें ठाऊक नव्हतें. संसाराच्या उंबरठ्यावर, घरांत पैसा नुकताच आला असतां, त्याच्या तोंडून निघालेला शब्द देण्याचा होता.

आतां ख्रिस्तसभेच्या एका थोर आचार्याकडे वळूं. संत योहान ख्रिसोस्तोम हे कॉन्स्टँटिनोपलचे महागुरु. त्यांचें निधन इ. स. ४०७ मध्यें झालें. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रावरील प्रवचनांत ते नव्या नवऱ्यास सांगतात कीं, “माझें” आणि “तुझें” हे शब्द घरांतून घालवून द्यावे. कमावती सून आतां आपल्याकडेहि घरोघर आहे. तिचा पगार कोणाचा, माहेरीं तिनें कांहीं द्यावें कीं नाहीं, नवऱ्यानें आईच्या हातांत किती ठेवावें, ह्यांवरून पहिल्या वर्षींच कुरबुर सुरू होते. जीं दोघें मिळकत एकमेकांपुढें मोकळेपणानें मांडूं शकत नाहींत, त्यांस ती परमेश्वरापुढें मांडतां यावी कशी? म्हणून औदार्याचा पहिला पाठ घराबाहेर नव्हे, नवराबायकोच्या मध्यें गिरवावा लागतो.

ह्याच संतानें दुसरी एक गोष्ट सुचविली आहे, ती तर आज रात्रींच अंमलांत आणण्यासारखी आहे. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटल्या अध्यायांत, यरुशलेममधील गरजू बांधवांकरितां आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीप्रमाणें कांहीं बाजूस काढून ठेवावें असें सांगितलें आहे. त्यावर प्रवचन करितांना संत योहान म्हणतात कीं, प्रत्येकानें आपल्या घरीं गरिबांसाठीं एक लहानशी पेटी करावी, आणि जेथें आपण प्रार्थनेस उभे राहतों त्या जागेजवळ ती ठेवावी. आपल्या घरोघरीं आल्तार आहे, संध्याकाळीं जपमाळ होते. तिच्या शेजारीं अशी पेटी ठेवावयास जागा किती लागणार? परंतु ती तेथें असली म्हणजे प्रार्थना करतांना तोंडानें मागणें आणि हातानें देणें हीं एकाच ठिकाणीं येतात.

कोणी म्हणेल, हीं सर्व संतमहंतांचीं जुनीं वचनें. भाडें, बिल आणि पगार ह्यांत गुंतलेल्या गृहस्थाचें उदाहरण द्या. तेंहि आहे. फ्रेडरिक ओझानाम ह्यांचा जन्म १८१३ मध्यें मिलान येथें झाला. १८३३ मध्यें, वयाच्या विसाव्या वर्षीं, पॅरिस येथें शिकत असतां त्यांनीं कांहीं मित्रांसह गरिबांच्या घरीं जाऊन त्यांस मदत करणारें मंडळ काढलें. तेंच पुढें संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरलें. आपल्या देशांत तिचें काम १८६३ मध्यें पुणें येथें सुरू झालें, आणि आज आपल्या धर्मग्रामांत जे बंधुभगिनी आजाऱ्यांच्या व निराधारांच्या घरीं जातात, ते त्याच झाडाची एक फांदी होत. ओझानाम संन्यासी नव्हते. २३ जून १८४१ रोजीं लियों येथें त्यांचा विवाह अमेली ह्यांच्याशीं झाला, आणि चरित्रकार सांगतात कीं, दर महिन्याच्या २३ तारखेस ते पत्नीला फुलें आणून देत. पॅरिसच्या विद्यापीठांत ते प्राध्यापक होते, आणि वर्षाच्या खर्चाचा अंदाज करितांना गरिबांचा निदान दहावा हिस्सा ते आधीं राखीत असत. पत्नीसाठीं फुलें आणि गरिबांसाठीं दशांश, ह्या दोहोंस एकाच घरांत जागा होती. औदार्य म्हणजे घरच्या माणसांस कोरडें ठेवणें, असा ज्यांचा समज असेल त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

त्यांच्याविषयींची एक आठवण पतिपत्नींनीं एकत्र बसून ऐकण्याजोगी आहे. एका नववर्षदिनीं ओझानाम ह्यांच्या मनांत एक गरीब कुटुंब घोळत होतें. एके काळीं सुखवस्तु असलेल्या त्या कुटुंबानें आपलें खणांचें जुनें कपाट, चांगल्या दिवसांची राहिलेली शेवटची खूण, गहाण टाकलें होतें. तें सोडवून नववर्षाची भेट म्हणून त्यांस परत द्यावें असें ओझानाम ह्यांना वाटलें. अमेलींनीं विवेकाच्या चार गोष्टी सांगून त्यांस त्या विचारापासून परावृत्त केलें, आणि त्यांनींहि तें मानलें. संध्याकाळीं मात्र आपल्या लहान मुलीच्या भोंवतीं पडलेलीं खेळणीं पाहून त्यांचा चेहरा उतरला. पुढें केलेला खाऊहि त्यांनीं घेतला नाहीं. कारण कळल्यावर अमेलींनींच त्यांस, आतां जाऊन सकाळचा बेत पुरा करा, असें विनविलें. ते तत्काळ गेले, कपाट सोडवून त्या घरीं पोहोंचविलें, आणि प्रसन्न होऊन परतले.

ह्या प्रसंगांत दोष कोणाचा, असा प्रश्न विचारणें व्यर्थ आहे. अमेलींनीं सावधगिरी सुचविली, तो गृहिणीचा धर्मच होता. ओझानाम ह्यांनीं पत्नीस चोरून पैसे दिले नाहींत, तिच्यावर रागावलेहि नाहींत. तिनें नवऱ्याचें दुःख ओळखलें आणि आपलें मत बदललें. लग्नास कित्येक वर्षें झालेलें हें जोडपें अद्याप देण्याचा पाठ एकमेकांकडून शिकत होतें. तुमच्या घरांतहि एकाचा हात सैल आणि दुसऱ्याचा आंवळ असणारच. सैल हातवाल्यानें लपवून देऊं नये, आणि आंवळ हातवाल्यानें टोमणे मारूं नयेत. एकानें थांबावें, दुसऱ्यानें पुन्हां विचार करावा. त्यांतूनच घराचें औदार्य घडतें. ओझानाम १८५३ मध्यें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं वारले, आणि २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं पॅरिस येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें.

परंतु नवराबायकोचें एकमत झालें म्हणजे सर्व साधलें असेंहि नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांच्या पांचव्या अध्यायांतील हनन्या आणि सप्पीरा ह्यांचें एकमत होतेंच. त्यांनीं जमीन विकून आलेल्या पैशांतील कांहीं भाग मागें ठेवला आणि उरलेला सर्वस्व म्हणून प्रेषितांच्या चरणांशीं आणला. जमीन तुमचीच होती, पैसाहि तुमच्याच हातीं होता, अशा अर्थाचें पेत्राचें बोलणें आहे. म्हणजे कमी देणें हा त्यांचा अपराध नव्हता. खोटा देखावा हा अपराध होता. ज्या दानाची पाटी लागते, ज्याचें नांव पुकारलें जातें, तें वाईट असतेंच असें नाहीं. पण पाटी नसती तर आपण तेवढेंच दिलें असतें काय, हा प्रश्न दोघांनीं एकमेकांस विचारावा.

दुसरीहि एक मर्यादा सांगितली पाहिजे. दान म्हणजे दुसऱ्याच्या पैशानें मिळविलेलें पुण्य नव्हे. दुकानदाराची उधारी तुंबली आहे, घरकाम करणाऱ्या बाईचा पगार थकला आहे, गांवीं म्हातारे आईबाप औषधावांचून आहेत, आणि आपण देणग्या देत आहों, तर तें दान न्यायाच्या पायावर उभें नाहीं. आधीं देणें फेडावें. कर्जाचा हप्ता भरावा, त्याबरोबर थोडेंसें कां होईना पहिलें कणीसहि बाजूस काढावें. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट संत मार्कानें सांगितली आहे; तींत रक्कम मोजणारा स्वतः प्रभु आहे, आणि त्याचें मोजमाप आपल्या मोजमापाहून निराळें आहे.

किती द्यावें, असें तुम्ही विचाराल. ख्रिस्तसभेनें आज दशांशाचा ठरीव आंकडा कोणावर लादलेला नाहीं. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या २२२ व्या कलमांत श्रद्धावंतांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत: ख्रिस्तसभेच्या गरजांस हातभार लावावा, सामाजिक न्यायास चालना द्यावी आणि स्वतःच्या मिळकतींतून गरिबांस साहाय्य करावें. आंकडा तुमच्या सदसद्विवेकावर सोपविला आहे, आणि म्हणूनच तो ठरविण्यासाठीं दोघांनीं एकत्र बसणें अगत्याचें आहे.

तर मग आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगून आवरतों. लग्नांत आलेल्या आहेराचीं पाकिटें अद्याप मोजावयाचीं राहिलीं असतील, तर मोजतांना पहिलें एक पाकीट न उघडतां गरिबांच्या पेटींत टाकावें. पगाराच्या दिवशीं खर्चाची यादी करण्यापूर्वीं पहिला आंकडा दानाचा लिहावा, आणि तो दोघांच्या संमतीनें लिहावा. वर्षांतून एकदां, लग्नाच्या वाढदिवशीं, तो आंकडा वाढवितां येईल काय तें पाहावें. प्रत्येकापाशीं थोडी रक्कम अशीहि असावी कीं, जिचा हिशेब दुसऱ्यानें विचारूं नये. कारण एकाएकीं दारीं आलेल्या गरजवंतास देण्याची मोकळीक दोघांनाहि हवी. आणि वर्षांतून निदान कांहीं वेळां पैसे पाठविण्याऐवजीं स्वतः जावें. रुग्णाच्या खाटेपाशीं अर्धा तास बसल्यानें हातांतील रकमेचा अर्थ कळतो, आणि आपल्या तक्रारी किती लहान आहेत तेंहि उमगतें. ज्यांचीं लग्नें अद्याप व्हावयाचीं आहेत त्यांस एवढीच विनंति कीं, मंडप आणि मेजवानी ठरवितांना वाडींतील एकटीं, म्हातारीं, आमंत्रणांत सहसा विसरलीं जाणारीं माणसें प्रथम आठवावीं. कर्ज काढून केलेला थाट चार दिवसांत विसरला जातो, हप्ते मात्र वर्षानुवर्षें चालतात, आणि त्या हप्त्यांखालीं देण्याची इच्छाहि चेंगरून जाते.

काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला, हें धन्य मरियेच्या ध्यानांत आलें. यजमानांनीं तोंड उघडून मागण्याआधीं तिनें त्यांची अडचण ओळखली आणि ती आपल्या पुत्राच्या कानीं घातली. तुमच्या नव्या संसारासाठीं मी तिच्यापाशीं तीच दृष्टि मागतों. शेजारच्या घरांत काय सरलें आहे तें तुम्हांस न सांगतां दिसो. तें पाहून एकमेकांकडे वळतांना तुमच्यांत कुरबुर नव्हे, संमति निघो. आणि तुमचीं मुलें लहानपणापासून आल्ताराजवळच्या त्या पेटींत आपल्या हातानें नाणें टाकावयास शिकोत. प्रभु येशू ख्रिस्त तुम्हां सर्व दांपत्यांस उदंड आशीर्वाद देवो.